स्प्रॉकेटच्या एका दात्याचा हिशोब

(पुण्यात स्पोर्ट क्वाड, म्हणजे मोटरसायकलसारखी चार चाकांची शर्यतीची गाडी, बांधू पाहणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मित्रांनो, नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात थोडा वेळ उभं राहा. कोणी ना कोणी येऊन म्हणतंच, "पिकअप पाहिजे, पुढचा एक दाता कमीचा द्या." मागणी असते स्प्रॉकेटची, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाची; पुढचं इंजिनाकडे असतं, मागचं मागच्या अॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर. माणूस घाईत असतो, दुकानदारही घाईत असतो. त्या एका दात्यानं गाडीचं नेमकं काय होतं, हे दोघंही बोलत नाहीत. आज आपण ते बोलू.

सिंहगडाचा घाट सायकलवर चढलेले इथं बरेच असतील. पाय भरून आले की तुम्ही मागे मोठं स्प्रॉकेट घेता. पायडल हलकं होतं, पण तेवढीच वाट कापायला पाय जास्त वेळा फिरवावे लागतात. पायांत नवी ताकद आलेली नसते. क्वाडचंही तसंच आहे. स्प्रॉकेट बदलून एक हॉर्सपॉवरसुद्धा वाढत नाही. असलेली ताकद कुठल्या वेगाला हाताशी येणार, एवढंच ठरतं.

आता आकडे. यामाहाच्या रॅप्टर 700 ला कंपनीकडून पुढे 14 आणि मागे 38 दाते येतात. 38 ला 14 नं भागलं की 2.71. पुढचं 13 केलं की तो 2.92 होतो. चाकावरची ओढ साधारण पावणेआठ टक्क्यांनी वाढते. पण इंजिनाच्या ज्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला जितक्या फेऱ्यांना, गाडी ताशी 100 किलोमीटर पळत होती, तिथं ती आता 93 च पळते. याउलट पुढे 14 च ठेवून मागे 40 लावले, तर फरक पाच टक्क्यांचा. पुढचा एक दाता मागच्या जवळजवळ तीन दात्यांच्या तोडीचा असतो. म्हणून मोठा बदल पुढे करा आणि बारीक जुळवणी मागे.

टायरही या हिशोबात धरायचा असतो, आणि नेमका तोच लोक विसरतात. मागे 20 इंची टायर काढून 22 इंची टाकला, तर चाक एका फेरीत दहा टक्के जास्त अंतर कापतं. मग 13 दाते लावूनही गाडी मूळच्यापेक्षा जड ओढते. 2.92 ला 1.1 नं भागून पाहा, 2.66 येतं. पैसे दोन्हीकडे गेले आणि पिकअप उलट कमी झाला.

माझी स्वतःची चूक सांगतो, कारण मी सर्वांत जास्त तिच्यातूनच शिकलो. गावाबाहेरच्या मुरमाच्या ट्रॅकसाठी मी पुढे 13 आणि मागे 42 लावले होते. 3.23, म्हणजे मूळच्यापेक्षा 19 टक्के जास्त. सुटताना पुढची चाकं उचलायला लागली, म्हणून मीच थ्रॉटल, म्हणजे अॅक्सिलरेटर, सोडत होतो. लांब पट्ट्यात टोक यायच्या आधीच इंजिन लिमिटरला, म्हणजे फेऱ्यांच्या ठरलेल्या कमाल मर्यादेला, लागायचं. पण खरं नुकसान वळणात होतं. स्पोर्ट क्वाडला मागे डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी जोडणी, नसतं; दोन्ही चाकं एकाच अॅक्सलला घट्ट बांधलेली असतात. वळताना त्यांना घसरावंच लागतं, आणि ती घसरण चालवणारा थ्रॉटलनं सांभाळत असतो. माझा दुसरा गिअर वळणाच्या मधोमध संपायचा. तिसरा टाकताना ओढ क्षणभर तुटायची, मागची चाकं पकड धरायची आणि गाडी सरळ जाऊ पाहायची. पुढे 14 आणि मागे 40 केल्यावर तेच वळण एका गिअरमध्ये सलग निघालं. सुटताना गाडी थोडी मऊ वाटली, पण लॅपचा वेळ कमी झाला.

मला वाटतं, गिअरिंग ठरवताना टॉप स्पीडचा विचार सर्वांत शेवटी करावा. ज्या वळणातून बाहेर पडताना तुम्ही सर्वांत जास्त हरता, तिथून सुरुवात करा. तिथं इंजिन गुदमरत असेल तर मागचे दाते वाढवा. गिअर मधेच संपत असेल तर कमी करा. एका वेळी एकच दाता, आणि प्रत्येक वेळी कुठल्या वळणाला कुठला गिअर होता ते वहीत लिहा.

चेनचंही पाहा. मागे दोन दाते वाढले की 520 मापाची तीच चेन बसवायला अॅक्सल सुमारे 8 मिलिमीटर पुढे घ्यावा लागतो. तेवढी जागा नसेल तर चेन लांब घ्या. पुढचं स्प्रॉकेट लहान केलं की चेन स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचा अॅक्सल धरणाऱ्या वर-खाली हलणाऱ्या दांड्याच्या, जवळून धावते आणि तिथली प्लास्टिकची पट्टी लवकर झिजते. ढिलाई तपासताना मागचा भाग इतका दाबा की पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि अॅक्सल एका रेषेत येतील. चेन सर्वांत ताणलेली तिथंच असते. स्टँडवर बरोबर वाटलेली चेन उडीनंतर उतरताना तुटू शकते.

आता हे स्प्रॉकेट हातोहात पुढे द्या. माझं तेच 42 दात्यांचं आहे. 38 च्या मानानं ते अॅक्सलखाली 10 मिलिमीटर जास्त उतरतं. 20 इंची टायरवर स्प्रॉकेट आणि जमीन यांच्यात आधीच वीतभरसुद्धा अंतर नसतं. कडेचे ते तीन वाकलेले दाते बघा, आणि बोट फिरवताना जपून, कड धारदार आहे. चाकोरीतल्या एका दगडानं ते वाकवले.