अहमदाबादनंतर विमानात बसताना

(ठाण्यात ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानातून)

मंडळी, तुमच्यापैकी अनेकांची मुलं परदेशात आहेत. नातवंडांना भेटायला जायचंय, पण अहमदाबादच्या अपघातानंतर विमानात बसायचा धीर होत नाही, असं कितीजण सांगतात. ही भीती मी उडवून लावणार नाही. १२ जून २०२५ ला त्या विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. कर्मचाऱ्यांत आपल्या पनवेल-डोंबिवलीकडच्या मुली होत्या. त्यांच्या शेजाऱ्यांना कुठल्या तोंडाने आकडेवारी ऐकवायची?

पण त्याच आठवड्यात, ९ जूनला, मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून माणसं पडली आणि मेली. दुसऱ्या दिवशीही ठाणे स्टेशनात गर्दी होतीच. लोकल अंगवळणी पडलीय, दारातला दांडा आपल्या हातात असतो. विमानात हातात काही नसतं आणि कानावर पडतं त्याचा अर्थ लागत नाही.

म्हणून आधी आवाजांबद्दल बोलतो. विमानाने जमीन सोडली की पायाखाली धाडकन वाजतं. चाकं आत जाऊन झाकणं बंद झाली, एवढाच त्याचा अर्थ. थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज एकदम उतरतो, पोटात गोळा येतो आणि माणूस खुर्चीचा हात आवळून धरतो. धावपट्टीवरून उठायला लागते तेवढी ताकद पुढे चढायला लागत नाही, म्हणून ती ठरल्याप्रमाणे कमी केलेली असते. विमान चढतच असतं. पावसाळी ढगांत पंखाचं टोक वरखाली होताना दिसेल. पंख मुद्दाम लवचीक केलेला असतो, आणि अपेक्षित कमाल भाराच्या दीडपट भार तो पेलतो हे दाखवल्याशिवाय विमानाला मान्यता मिळत नाही. हादऱ्यांत जखमी होतात ते बहुतेक पट्टा न बांधलेले. डोक्यावरचा पट्ट्याचा दिवा विझला तरी पट्टा सोडू नका.

१९९६ मध्ये दिल्लीजवळ, हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसं गेली. त्यानंतर दिल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले, टक्कर टाळणारं यंत्र भारतात सक्तीचं झालं. कारणाच्या मुळाशी गेलं तरच असं काही हाती लागतं. अहमदाबादचा प्राथमिक अहवाल महिन्याभरात आला. उड्डाणानंतर लगेच इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेले, असं त्यात आहे. का गेले, ते नाही. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर लोकांनी वैमानिकाचा निकाल लावून टाकला. मला याचा फार त्रास होतो. गेलेला माणूस आपली बाजू मांडायला येणार नाही, आणि खरं कारण दुसरंच असेल तर ते तसंच पुढच्या विमानात बसेल.

आता नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय. भोवती खाडी, पाणथळ जागा, भरपूर पक्षी. विमानतळाजवळ उघड्यावर कचरा आणि मांसाचे अवशेष टाकायला नियमाने मनाई आहे, कारण घारी त्यावरच येतात. उलवे-पनवेलला राहणाऱ्या तुमच्या नातेवाइकांना सांगा, असा ढीग दिसला की फोटो काढून महापालिकेकडे किंवा सिडकोकडे तक्रार करा, आणि तो उचलेपर्यंत पिच्छा सोडू नका.