आगीशिवाय वेगळं

(दृश्य: प्रयोगशाळा. काचेची पट्टी, तिच्यावर दाट द्रावण, त्यावरून ओढलं जाणारं पातं.)

काचेवर पॉलिसल्फोन या पॉलिमरचं, म्हणजे एका प्लास्टिकचं, द्रावण ओतलंय. पातं आणि काच यांच्यात मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी फट आहे. पातं एका दमात ओढायचं. हात मध्ये थबकला की पट्टी वाया.

आता काच पाण्यात.

(दृश्य: काच पाण्यात बुडते. आवाज नाही.)

पारदर्शक थर कडेपासून पांढरा होत चाललाय. आतला द्रावक पाण्यात निघून जातो, त्याच्या जागी पाणी शिरतं, आणि पॉलिमर अंगभर बारीक छिद्रं घेऊन जागच्या जागी घट्ट होतो. काही सेकंदांत मेम्ब्रेन तयार. गाळणी म्हणा, पडदा म्हणा. प्रयोगशाळेत सगळे मेम्ब्रेनच म्हणतात.

या पांढऱ्या पट्टीकडून एकच काम हवंय: एकमेकांत मिसळलेलं वेगळं करणं. रासायनिक कारखान्यात पदार्थ बनवणं हे अर्धंच काम. बनलेल्यातून हवं ते काढून घेणं हे उरलेलं अर्धं, आणि खर्च बहुतेक तिथेच होतो. डेव्हिड शोल आणि रायन लाइव्हली या अमेरिकेतल्या दोन रासायनिक अभियंत्यांनी २०१६ साली ‘नेचर’मध्ये हिशोब मांडला. अमेरिकेतले उद्योग जेवढी ऊर्जा वापरतात, तिच्यातली जवळपास निम्मी वेगळं करण्यावर जाते. त्यातही सर्वांत मोठा वाटा ऊर्ध्वपातनाचा. म्हणजे उकळायचं, वाफ करायची, ती थंड करायची.

उकळणं म्हणजे काय, ते गोव्यात शिकवावं लागत नाही.

(दृश्य: सत्तरी. काजूची बाग, पहाट. जमिनीवर पिवळे-तांबडे बोंडू.)

मार्च ते मे. बोंडू झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपणहून पडलेलाच घ्यायचा. बी पिळून वेगळी करायची, बोंडू टोपलीत. बी बाजारात जाते, तिचा भाव वर्तमानपत्रात छापून येतो. बोंडू भट्टीकडे.

(दृश्य: कातळातल्या खळग्यात बोंडू तुडवणारे पाय. जवळून.)

पहिला रस पायांनी तुडवून काढायचा. मग उरलेल्या चोथ्याचा ढीग करून, वेलाने करकचून बांधून, वर दगड ठेवायचा. रात्रभर जो रस झिरपतो तो निरो. तो थंडगार प्यायचा. तुडवलेला रस मडक्यांत जातो, साधारण तीन दिवस. यीस्ट कोणी घालत नाही. ते बोंडवाच्या सालीवर आणि हवेत असतंच. कान लावला तर मडकं बोलतं.

(दृश्य: आंबणाऱ्या रसाचे बुडबुडे. फक्त आवाज.)

मग भाण. तांब्याचं मोठं भांडं, खाली चूल. तोंड मातीने लिंपून बंद, बाजूला नळी, आणि नळीचं दुसरं टोक थंड पाण्यात ठेवलेल्या मडक्यात. हे मडकं म्हणजे लावणी. भट्टीवाले काका आगीकडे बघत नाहीत, लावणीवर हात ठेवून बसतात. मडकं तापायला लागलं की वाफ थंड न होताच पुढे चालली आहे, असा त्याचा अर्थ. लगेच बाहेरून पाणी ओतायचं किंवा एक लाकूड मागे ओढायचं. आग मोठी झाली तर पाणीच जास्त चढतं, धार पातळ होते. आग मंद ठेवली तर रात्र संपते, भाण संपत नाही.

अभियांत्रिकीच्या पुस्तकात याला उष्णतेचा आणि वस्तुमानाचा ताळा म्हणतात. काका तो हाताच्या तळव्याने घालतात. ही दृश्यं आम्ही मुद्दाम लांब ठेवली आहेत. रासायनिक अभियांत्रिकी या मातीत बाहेरून आली, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी.

(दृश्य: काचेच्या नळीतला ग्राव मोजण्याचा काटा. काकांचे डोळे.)

पहिली धार म्हणजे हुर्राक. त्यात आणखी आंबलेला रस मिसळून पुन्हा वाफ काढली की फेणी, चाळीस टक्क्यांच्या वर. ताकद मोजायची ती ग्रावात. हे माप पोर्तुगीज गेले तरी राहिलं. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं.

मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, पाणी १०० ला. फरक बावीस अंशांचा. भट्टीची सगळी करामत या बावीस अंशांत आहे. पण भाणात दोन्ही बरोबरच उडतात, फक्त मद्यार्क जरा जास्त. म्हणून दोनदा उकळायचं. कारखान्यातले उंच मनोरे हेच एकावर एक अनेकदा करतात, आणि तरी एका जागी अडतात. वजनाने साधारण ९५.६ टक्क्यांना मद्यार्क आणि पाणी एकत्रच उकळतात. त्यापुढे कितीही जाळा, वेगळे होत नाहीत.

हा अडथळा मेम्ब्रेनने ओलांडला. १९८०च्या दशकात जर्मनीत पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे पडदे बाजारात आले. एका बाजूला मद्यार्क-पाण्याचं मिश्रण, दुसऱ्या बाजूला निर्वात. पाण्याचा रेणू पडद्यात शिरतो, पलीकडे वाफ होऊन निघतो. मद्यार्क अलीकडेच राहतो. इथे कोण आधी उकळतं हा प्रश्नच नाही, पडदा कोणाला आत घेतो एवढंच बघायचं. वाफ होते ती फक्त पलीकडे गेलेल्या थोड्याशा पाण्याची.

(दृश्य: पुन्हा प्रयोगशाळा. पांढरी पट्टी चिमट्याने उचलली जाते.)

आता या पट्टीचं पुढचं काम. ती अजून भोकाभोकांची आहे, मिठासारखं बारीक काही अडवू शकत नाही. तिच्यावर अमाइन नावाचं रसायन विरघळलेलं पाणी पसरलंय. जादा पाणी रबरी रोळीने काढून टाकलंय. आता वरून हेक्झेन, पेट्रोलसारखा द्रावक, ज्यात दुसरं रसायन आहे. पाणी आणि हेक्झेन मिसळत नाहीत. दोन्ही रसायनं भेटतात ती फक्त सीमारेषेवर, आणि भेटताक्षणी तिथे पॉलिअमाइडचा थर धरतो, दुधावर साय धरावी तसा. थर धरला की तोच पुढची भेट अडवतो, म्हणून तो आपोआप पातळ राहतो. जाडी बहुधा एक-दोनशे नॅनोमीटर. केसाची जाडी पन्नास हजारांच्या पुढे.

घरोघरच्या आरओ यंत्रातली गुंडाळी उलगडली तर आत हाच थर सापडतो.

(दृश्य: कापून उलगडलेली आरओची गुंडाळी, थरावर थर.)

ही वाट उघडली ती दोघांनी, सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन. सौरिराजन आपल्याकडचे, भारतातून गेलेले. १९५९-६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात दोघांनी सेल्युलोज अॅसिटेटचा असा पडदा बनवला, ज्याची एक बाजू अतिशय पातळ आणि घट्ट, बाकी अंग सैल. मीठ अडवते ती पातळ साल, आणि पाण्यालाही मुख्य अडथळा तिचाच; सैल अंग नुसता आधार देतं. म्हणून साल जितकी पातळ तितकं चांगलं. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावात या पडद्यांवर गावाचं पाणी गाळलं जाऊ लागलं. पॉलिअमाइडचा थर पुढच्या दशकात जॉन कॅडॉट यांनी आणला.

साठ वर्षांनी संशोधन अजून त्याच सालीपाशी आहे. २०१५ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या अँड्र्यू लिव्हिंगस्टन यांच्या गटाने ती दहा नॅनोमीटरच्या आत आणून दाखवली. २०२१ साली अमेरिकी संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून सालीच्या आतलं घनतेचं चित्र काढलं, आणि जुना समज हलला. नुसतं पातळ असून भागत नाही; घनता आत सगळीकडे सारखी असली की पाणी जास्त वाहतं.

(दृश्य: पेडणे, आगरवाडा. मिठागरं, दुपार. फळीने मीठ ओढणारे हात.)

मीठ आणि पाणी वेगळं करायची जुनी पद्धत ही. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात न्यायचं, बाकी ऊन बघतं. एक घनमीटर पाण्याची वाफ करायला साधारण ६२७ युनिट ऊर्जा लागते. इथे ती सूर्य देतो आणि बिल पाठवत नाही. हेच काम बॉयलरने करायचं म्हटलं तर उष्णता कितीही पुन्हा पुन्हा वापरा, महाग पडतं. आणि मेम्ब्रेनने? समुद्राचं पाणी गाळणारे आजचे चांगले प्रकल्प घनमीटरमागे तीन-चार युनिटांत गोडं पाणी काढतात. निसर्गाने घालून दिलेली किमान मर्यादा, अर्धं पाणी काढून घ्यायचं असेल तर, साधारण एक युनिट आहे. तिच्या खाली कोणालाच जाता येणार नाही. म्हणजे या कामात मिळवण्यासारखं फार उरलेलं नाही, आणि म्हणूनच पडदेवाल्यांची नजर आता पाण्यावरून तेलाकडे वळली आहे.

कच्चं तेल वेगळं करायला जगभर ते साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवतात. २०२० साली जॉर्जिया टेक, इम्पीरियल कॉलेज आणि एक्सॉनमोबिल यांच्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की हलकं कच्चं तेल न उकळता पडद्यातून दाबून त्याचे हलके आणि जड भाग काढता येतात. अडचण अशी की तेलात पॉलिमर फुगतो आणि छिद्रं सैल पडतात. २०२५ साली एमआयटीच्या झॅकरी स्मिथ यांच्या गटाने तुम्ही आत्ता पाहिलेलीच कृती घेतली, पाणी आणि हेक्झेनच्या सीमेवरची. फक्त अमाइडचा बंध बदलून इमाइनचा केला. थर ताठ राहिला, फुगणं बरंच आवरलं. कारखान्यांना ही कृती पाठ आहे, म्हणून या कामाला वजन. रिफायनरीतल्या मनोऱ्याची जागा घ्यायला मात्र अजून अवकाश आहे.

(दृश्य: झुआरीनगर. पठारावरून दिसणारे खत कारखान्याचे मनोरे आणि धूर, समोरून जाणारी वाहनं.)

हा कारखाना १९७३ पासूनचा. आपण तो रस्त्यावरूनच बघतोय. आत बनतो तो अमोनिया आणि त्यापासून युरिया. अमोनियाची गोष्ट उत्प्रेरकाची, म्हणजे क्रिया वेगाने घडवून आणणाऱ्या पदार्थाची, आहे. नायट्रोजन आणि हायड्रोजन नुसते एकत्र ठेवले तर वर्षानुवर्षं एकमेकांकडे बघणारही नाहीत. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली त्यांना जमवून दाखवलं. पुढे आल्विन मिटाश यांनी हजारो मिश्रणं तपासून लोखंडाचा स्वस्त उत्प्रेरक शोधला. तरीही चारशे अंशांच्या वर तापमान आणि शेकडो पट दाब लागतो, तो आजही. २०१२ साली जपानच्या हिदेओ होसोनो यांनी इलेक्ट्राइड नावाच्या पदार्थावर रुथेनियम हा धातू बसवून ही अट सैल करायला सुरुवात केली.

अमोनियाच्या कारखान्यांनीच वायू गाळणाऱ्या मेम्ब्रेनला पहिलं मोठं काम दिलं. चक्रात साचणारा निकामी वायू सोडून द्यावा लागतो, त्याबरोबर चांगला हायड्रोजनही जाई. मोन्सँटो कंपनीने १९७०च्या दशकाच्या अखेरीस पोकळ धाग्यांचे पडदे लावून तो परत मिळवला.

(दृश्य: पोकळ धाग्यांचा जुडगा, टोकाकडून. प्रत्येक धाग्यात प्रकाशाचा ठिपका.)

आणि उत्प्रेरक व पडदा एकाच नळीत ठेवले तर? कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल करताना पाणीही तयार होतं, आणि ते पाणीच पुढची क्रिया रोखून धरतं. २०२० साली मियाओ यू यांच्या गटाने उत्प्रेरकाभोवती झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचा पडदा ठेवला, ज्यातून जवळजवळ फक्त पाणीच बाहेर पडतं. पाणी निघून गेलं, मिथेनॉल कितीतरी वाढलं. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले कितागावा, रॉब्सन आणि याघी यांचे धातू-सेंद्रिय सांगाडेही याच कुळातले: आत खोल्याच खोल्या, आणि दाराचं माप आधीच ठरवलेलं.

जुन्या गुंडाळ्या शेवटी कचऱ्यात जातात, खारं उरलेलं पाणी समुद्रात. आणि भट्टीला लागणारं लाकूड सत्तरीच्या रानातलं, हेही खरंच.

(दृश्य: भट्टी. प्रयोगशाळेतली विद्यार्थिनी आणि काका, समोर हुर्राकाचं भांडं.)

संशोधन करणारी ही मुलगी सत्तरीचीच. तिचं म्हणणं, दुसरी वाफ वाचवता येईल. मद्यार्काला वाट देणारा सिलिकॉन रबराचा पडदा लावायचा, पलीकडे निर्वात करायचं. निम्मी लाकडं कमी. काकांनी पट्टी बोटांत धरून, वाकवून, वास घेऊन बघितली.

“बाय, वास उतरतलो काय त्यातसून?”

“उतरतो काका. जरा जास्तच उतरतो.”

बोंडवाचा वास ज्या एस्टरांचा, ते सिलिकॉन रबरातून मद्यार्काहून सहज जातात. म्हणजे धार निघेल ती भाणातल्या धारेपेक्षा उग्र वासाची. काकांना हे पटलं नाही आणि आवडलंही नाही. जास्त वास म्हणजे फेणी बिघडली, असं त्यांचं ठाम मत. मुलीने वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, किती वास असला म्हणजे बरोबर?

काकांनी लावणीतून थोडी ओतून दिली.