पलटण हलत नाही

(दृश्य : पहाटेचा अंधार. रस्त्यावर टॉर्चचा ठिपका. बुटांचा आवाज.)

उजाडायला अजून अवकाश आहे. रस्त्याच्या दोन्ही कडांनी जवान पायी निघालेत, एकमेकांत अंतर ठेवून. सोबत कुत्रा, हातात मेटल डिटेक्टर. प्रत्येक मोरीत वाकून बघायचं. कालपर्यंत नसलेली माती कुठे उकरलेली दिसते का? गडग्यातला एखादा दगड जागचा हललाय का? पेरलेल्या स्फोटकांच्या या शोधाला फौजेच्या भाषेत म्हणतात रोड ओपनिंग, आणि तो घेणारी तुकडी म्हणजे रोड ओपनिंग पार्टी, आरओपी. 'रस्ता साफ' असा निरोप वायरलेसवर गेला, की मगच लष्कराच्या गाड्यांचा ताफा सुटतो.

काश्मीरमध्ये तीस वर्षांहून अधिक काळ हेच चालू आहे. रोज. ज्या दिवशी काहीच सापडत नाही, तो चांगला दिवस.

(दृश्य : उधमपूर. टेकड्यांमधली छावणी.)

या सगळ्याची सूत्रं उधमपूरहून हलतात. भारतीय लष्कराच्या उत्तर कमांडचं हे मुख्यालय. कमांडची स्थापना 1972 ची, आणि तिचे पहिले प्रमुख होते लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्र सिंग भगत. भगत यांना 1941 मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला, तो कशासाठी? ॲबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या मोहिमेत चार दिवसांत 55 मैल रस्त्यावरचे 15 सुरुंगपट्टे शोधून मोकळे केले म्हणून. त्यांची कमांड पुढे आयुष्यभर रस्तेच उघडत राहणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

कमांडचा पसारा मोठा. तिच्या हाताखालच्या मोठ्या फौजा म्हणजे कोअर : लेहला 14 कोअर, श्रीनगरला 15 कोअर, नगरोट्याला 16 कोअर. एका अंगाला सुमारे 740 किलोमीटरची नियंत्रण रेषा, दुसऱ्या अंगाला चीन. पण आज आपण सीमेवर उभ्या असलेल्या फौजेबद्दल नाही, तर आतल्या जंगलात, सफरचंदाच्या बागांत आणि गावांच्या गल्ल्यांत फिरणाऱ्या फौजेबद्दल बोलणार आहोत. राष्ट्रीय रायफल्स. आरआर.

1990 मध्ये काश्मीर पेटलं, तेव्हा लष्करापुढे साधाच, पण अवघड पेच होता. नेहमीच्या पायदळ पलटणी काही वर्षांनी बदलतात. नवी पलटण येते, डोंगर ओळखेपर्यंत मुदत संपते, पुन्हा नवी येते. समोरच्याला मात्र तिथली वाट अन् वाट पाठ. यावर तोडगा निघाला तो असा : पलटण जागेवरच ठेवायची, माणसं बदलायची. जवान आपल्या मूळ रेजिमेंटमधून दोन-तीन वर्षांसाठी आरआरमध्ये येतो आणि परत जातो. पलटण तिथेच राहते. तिच्याकडचे नकाशे तिथेच राहतात. कोणत्या गावात कुणाचं कुणाशी वाकडं आहे, बर्फ पडल्यावर कोणता नाला ओलांडता येतो, ही खडानखडा माहितीही तिथेच राहते.

तोफा, रणगाडे आरआरकडे नाहीत. नेहमीच्या पलटणीत चार रायफल कंपन्या असतात, इथे सहा. जास्त पाय, जास्त डोळे.

(दृश्य : पीर पंजालची डोंगररांग. मेंढ्यांचा कळप, मातीचं सपाट छप्पर.)

उन्हाळ्यात गुज्जर-बकरवाल आपली गुरं-मेंढरं घेऊन या उंच कुरणांवर येतात. दगड-मातीच्या ज्या घरांत ते राहतात, त्यांना म्हणतात ढोक. पूंछ जिल्ह्यातल्या सुरणकोटच्या वरच्या अंगाला हिल काका नावाच्या भागात अतिरेक्यांनी अशाच ढोकांच्या आडोशाने तळ थाटला होता. 2003 मध्ये 'ऑपरेशन सर्पविनाश'मध्ये लष्कराने तो उद्ध्वस्त केला. साठहून अधिक अतिरेकी मारले, असं लष्कराने सांगितलं. पुढच्या वर्षी नियंत्रण रेषेवरचं कुंपणही उभं राहिलं. दर हिवाळ्यात बर्फ ते मोडतं, आणि उन्हाळ्यात ते पुन्हा उभं करावं लागतं.

आता थोडं आपल्या मातीकडे वळू. कुपवाड्यातली 41 आरआर ही मराठा लाइट इन्फंट्रीची. बेळगावच्या सेंटरमध्ये तयार झालेला जवान इथे देवदाराच्या जंगलात गस्त घालतो. या पलटणीचे कमांडिंग ऑफिसर होते कर्नल संतोष महाडिक, साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे, सातारा सैनिक स्कूलचे विद्यार्थी. 17 नोव्हेंबर 2015 रोजी हाजी नाका भागातल्या जंगलात शोधमोहिमेचं नेतृत्व करताना ते धारातीर्थी पडले. कमांडिंग ऑफिसरने स्वतः पुढे राहावं का, अशी चर्चा तेव्हाही झाली. आरआरमध्ये राहिलेल्यांना हा प्रश्नच पडत नाही. कर्नल महाडिक यांच्या पत्नी स्वाती 2017 मध्ये चेन्नईच्या प्रबोधिनीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या.

(दृश्य : राजौरी-पूंछचं दाट जंगल. आवाज नाही.)

2020 मध्ये गलवान घडलं. चीनसमोर फौज लागणार होती, म्हणून आरआरची 'युनिफॉर्म फोर्स', म्हणजे तिच्या अनेक पलटणींचा एक गट, जम्मू भागातून लडाखला हलवली गेली. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता, हे मान्य. पण जी पलटण हलू नये म्हणूनच उभी केली, तीच हलली. ऑक्टोबर 2021 मध्ये पूंछच्या जंगलात एकाच आठवड्यात नऊ जवान गेले. 2023 च्या एप्रिलमध्ये पाच, मेमध्ये कंडीच्या जंगलात आणखी पाच. पीर पंजालच्या दक्षिणेला ज्या भागाला सगळे शांत समजत होते, तिथे वाटा पुन्हा नव्याने शिकाव्या लागल्या.

आणि वाट शिकायची तर वाट दाखवणारा हवा. तो गावातलाच असतो. म्हणूनच इथे चूक झाली, की ती फार महागात पडते. 2020 मध्ये शोपियांच्या अम्शिपोऱ्यात राजौरीचे तीन मजूर अतिरेकी म्हणून मारले गेले. ते निर्दोष होते. चौकशी लष्करानेच लावली आणि एका कॅप्टनवर कोर्ट मार्शल झालं. डिसेंबर 2023 मध्ये जवानांवरच्या हल्ल्यानंतर चौकशीसाठी उचललेले पूंछचे तीन गावकरी मरण पावले. हे दोन प्रसंग वगळून केलेली फिल्म इथल्या कुठल्याच गावात दाखवता येणार नाही.

22 एप्रिल 2025. पहलगाम. 26 जीव गेले, त्यांत महाराष्ट्रातले सहा. हल्लेखोरांचा माग काढत डोंगर पालथे घालायला तीन महिने लागले. 28 जुलैला श्रीनगरजवळच्या दाचीगामच्या जंगलात लष्कर, सीआरपीएफ आणि जम्मू-काश्मीर पोलिसांनी मिळून तिघांना मारलं.

(दृश्य : संध्याकाळ. आरओपी उठते आहे.)

दिवस मावळला. शेवटचा ताफा निघून गेला, रस्त्यावरचे जवान एकेक करून मागे सरकू लागले. मुदत संपत आलेला एक जवान नव्याने आलेल्याला काहीतरी सांगतोय. मोरीकडे बोट आहे. बहुतेक हेच, की या मोरीत हिवाळ्यात पाणी नसतं, नीट वाकून बघ.