मेंदूची निगा, डोक्याच्या बाहेरून

[दृश्य : जुनी रुग्णनोंद, शाईतली तिरकी अक्षरं.]

नोव्हेंबर १९०१. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात एक डॉक्टर वही उघडून बसलेत. समोर एक बाई. नाव काय तुमचं? "आउगुस्टे." आडनाव? "आउगुस्टे." नवऱ्याचं नाव? जरा विचार करून, "आउगुस्टेच, वाटतं." जेवायला फ्लॉवर आणि डुकराचं मांस आहे. काय खाताय, असं विचारलं तर उत्तर येतं, "पालक." मग डॉक्टर त्यांना नाव लिहायला सांगतात. त्या "श्रीमती" एवढं लिहितात आणि थांबतात. पुढचं आठवत नाही.

बाईंचं वय ५१. डॉक्टरांचं नाव अलॉइस अल्झायमर. पुढे स्मृतिभ्रंशाच्या एका आजाराला त्यांचंच नाव मिळालं.

आउगुस्टे डेटर १९०६ च्या एप्रिलमध्ये गेल्या. अल्झायमर यांनी त्यांच्या मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. पेशींच्या बाहेर कसलेसे गोळे साचलेले, पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झालेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडलं, तेव्हा समोरच्या मंडळींपैकी कुणी एक प्रश्नही विचारला नाही. आज त्या गोळ्यांना आपण अमायलॉइड म्हणतो आणि गुंत्याला टाऊ. औषधांचं बरंचसं संशोधन या दोघांच्या मागे लागलेलं आहे.

अल्झायमर यांनी आणखीही एक निरीक्षण नोंदवलं होतं. त्याची चर्चा कमी होते. बाईंच्या मेंदूतल्या मोठ्या रक्तवाहिन्या कडक झाल्या होत्या.

[दृश्य : मठाचा लांब व्हरांडा, दोन वृद्ध जोगिणी (नन) हळूहळू चालताहेत.]

१९८६ साली अमेरिकेत डेव्हिड स्नोडन या संशोधकाने एक अफलातून अभ्यास सुरू केला. त्यात ६७८ कॅथलिक जोगिणी सामील झाल्या. एकाच पद्धतीचं राहणं, जवळपास सारखंच जेवण, विडी-सिगारेट नाही. दरवर्षी स्मरणशक्तीची चाचणी द्यायची आणि मृत्यूनंतर मेंदू दान करायचा, असं त्यांनी कबूल केलं. निकाल पाहून भलेभले चक्रावले. काही जोगिणींचा मेंदू अमायलॉइडने आणि टाऊने भरलेला, पण हयातीत त्यांची बुद्धी शेवटपर्यंत तल्लख. त्यातल्या एक सिस्टर मेरी. १०१ व्या वर्षी गेल्या, चाचण्यांत गुण उत्तम, आणि मेंदूत मात्र अल्झायमरच्या खुणा ढिगाने.

मग रोग प्रत्यक्षात दिसला कुणाला? १९९७ मध्ये एक धागा हाती लागला. मेंदूत अल्झायमरच्या खुणा होत्याच, पण जोडीला खोलवरच्या बारीक रक्तवाहिन्याही जागोजागी तुंबलेल्या होत्या, अशा जोगिणींमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. गोळे एकटे असताना जो मेंदू तग धरत होता, तो रक्तपुरवठा तुटल्यावर कोलमडला.

स्मरणशक्ती राखायची म्हटलं की आपण डोक्याचाच व्यायाम शोधत बसतो. पण ज्याच्यावर आपला खरोखर हात चालतो असं बरंचसं कवटीच्या बाहेर आहे.

पहिलं, रक्तदाब. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण ऊर्जेतला सुमारे पाचवा हिस्सा तो एकटाच खातो. साठवण जवळपास शून्य, त्यामुळे रक्ताचा ओघ अखंड हवा. मेंदूच्या खोल भागात केसासारख्या धमन्या मोठ्या धमन्यांमधून थेट फुटतात, म्हणून दाबाचा मार त्यांना सरळ बसतो. वर्षानुवर्षं दाब चढा राहिला की त्यांच्या भिंती जाड होतात, पोकळी अरुंद होते. दुखत काहीच नाही. एमआरआयवर पांढरे ठिपके दिसतात, तोवर बरीच वर्षं उलटलेली असतात. माणूस बोलतो-चालतो, पण हिशेबाला वेळ लागतो, दोन कामं एका वेळी झेपत नाहीत, आणि घरचे म्हणतात, वय झालं आता.

२०१९ मध्ये नऊ हजारांहून अधिक लोकांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. एका गटाचा रक्तदाबाचा वरचा आकडा १२० च्या खाली ठेवायचा होता, दुसऱ्याचा १४० च्या. कडक नियंत्रणाच्या गटात बुद्धीची सौम्य घसरण कमी दिसली. पूर्ण स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत फरक तेवढा पक्का ठरला नाही. हृदयाला फायदा स्पष्ट दिसल्यामुळे उपचार मुदतीआधीच थांबवले होते, हेही त्यामागचं एक कारण. तुमचा आकडा किती असावा, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

[दृश्य : दंडाला पट्टा, यंत्रावर आकडे चढताहेत.]

आकडा खरा यावा यासाठी मात्र थोडी शिस्त लागते. पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नको. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला, बाहीवरून नव्हे तर उघड्या दंडावर. मोजताना गप्पा नकोत. नुसतं बोलण्यानेही आकडा वर जातो. दोनदा मोजा, दोन्ही लिहून ठेवा.

आणि हे पन्नाशीत करा, किंबहुना चाळिशीतच सुरू करा. अमायलॉइड साचायला सुरुवात होते ती पहिलं लक्षण दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी. सत्तरीत जागं होणं वाया जातं असं नाही, पण तोवर निम्मी लढाई आपल्या नकळत होऊन गेलेली असते.

आता कान. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, आणि बदलता येण्याजोग्या, १४ गोष्टी मांडल्या. त्या सगळ्या पुसता आल्या तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा अंदाज. आकडा लोकसंख्येचा आहे. तुम्ही-मी एकेकटे ४५ टक्के सुरक्षित होऊ, असा त्याचा अर्थ नाही. त्या यादीत सगळ्यात मोठा वाटा दोघांचा, प्रत्येकी सात टक्के : वाईट कोलेस्टेरॉल आणि बहिरेपण.

बहिरेपण म्हणजे एकदम सगळं बंद, असं होत नाही. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स्वर ऐकू येतात, पण स, फ, थ यांसारखी व्यंजनं निसटतात. ‘साठ’ म्हटलेलं ‘आठ’ ऐकू येतं. चारचौघांत, पंखा किंवा टीव्ही चालू असताना, अर्धं वाक्य अंदाजाने भरावं लागतं. जी ताकद बोललेलं लक्षात ठेवायला लागली असती, ती नुसतं ऐकण्यातच खर्च होते. मग माणूस थकतो, हसून वेळ मारून नेतो, हळूहळू बैठकीतून उठून आतल्या खोलीत जातो. एकटेपणाही त्या १४ मध्ये आहेच.

श्रवणयंत्राने फरक पडतो का? २०२३ मध्ये अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षांची चाचणी झाली. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. मला वाटतं, एवढ्यावर कान तपासून घ्यायला हरकत नाही. बंद खोली, कानाला हेडफोन, बारीक ‘टूं’ ऐकू आलं की बटण दाबायचं. बस. चष्मा लागला म्हणून कुणी लाजत नाही. कानातल्या यंत्राची लाज का वाटावी, हे कोडंच आहे.

पायांचंही असंच. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग नव्या आठवणी घडवतो आणि उतारवयात तो आक्रसत जातो. २०११ मध्ये १२० वृद्धांवर एक प्रयोग झाला. निम्मे आठवड्यातून तीनदा, हळूहळू वाढवत ४० मिनिटांपर्यंत, झपझप चालले. बाकीच्यांनी फक्त ताणाचे व्यायाम केले. वर्षभराने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला होता, दुसऱ्यांचा घटलेला. अभ्यास छोटा आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण चालण्याने रक्तदाब, साखर, झोप हे सगळंच सुधारतं.

झोप, साखर, तंबाखू, दारू यांबद्दल नवं सांगण्यासारखं फारसं नाही. तुम्हाला ठाऊकच आहे.

[दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर रंगीत कोडी.]

ही कोडी मात्र बघा. शब्दकोडं सोडवल्याने माणूस शब्दकोडं सोडवण्यात पटाईत होतो, ही त्याची मोठी कमाई. वयाबरोबर होणारा विसराळूपणा टळतो, असं पुराव्याविना सांगून जाहिरात केल्याबद्दल २०१६ मध्ये अमेरिकी सरकारने लुमॉसिटी या ॲपच्या कंपनीवर कारवाई केली आणि तडजोडीत कंपनीने २० लाख डॉलर भरले. गिंको या झाडाच्या पानांच्या अर्काच्या गोळ्यांचंही तेच : तीन हजारांहून जास्त वृद्धांना वर्षानुवर्षं देऊन पाहिल्या, स्मृतिभ्रंश रोखला गेला नाही. कोडी आवडत असतील तर जरूर सोडवा. फक्त त्यासाठी चालायला जाणं चुकवू नका.

मग घाबरायचं कधी? ओळखीच्याचं नाव ओठांवर येऊन अडलं आणि दुपारी आपोआप आठवलं, तर ते वयाचं. तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा, रोजच्या रस्त्यावर चुकणं, आयुष्यभर चोख असलेल्या हिशेबात गोंधळ, असं दिसलं तर डॉक्टरांकडे जायचं. बहुतेकदा हे घरच्यांनाच आधी दिसतं, म्हणून सोबत कुणीतरी हवंच.

तिथे पहिल्याच दिवशी अल्झायमरचा शिक्का बसत नाही. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड मंदावणं, नैराश्य, यांनीही स्मरणशक्ती खालावते आणि उपचारांनी बऱ्याच अंशी सावरते. औषधंही कारण असू शकतात : झोपेच्या काही गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या, वारंवार लघवीला होण्यावरची काही औषधं. वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या वेळी लिहून दिलेली ही औषधं एकत्र कुणीच पाहिलेली नसतात. म्हणून जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, मेडिकलमधून स्वतःहून आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत भरा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओता. कुठली बंद करायची ते त्यांना ठरवू द्या; मनाने कुठलीच बंद करू नका.