राक्षस पुरे, आता पाण्याचं बोला

नमस्कार मंडळी. विषय बाहेर फळ्यावर लिहिलाय, 'डी अँड डी साठी नव्या सप्लिमेंटच्या तीन कल्पना', म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन गोष्ट खेळायचा आपला खेळ, आणि वेळ आधीच कमी आहे कारण माइकनं बराच खाल्ला. आधी सांगा, इथं डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारे आणि शत्रू चालवणारे, किती आहेत, हात वर करा बघू. बापरे. म्हणजे निम्मी खोली दुःखी आहे. (हशा) बरं झालं, मग वीस बाजूंचा फासा म्हणजे काय, डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये जिंकतं कोण, हे सगळं मला सोडता येईल. आईला मी अजून समजावतेच आहे, तिला वाटतं आम्ही सापशिडी खेळतो आणि वाद घालतो.

तर सप्लिमेंट, म्हणजे मूळ नियमांना जोडायचं पुस्तक. आपण सगळे सप्लिमेंटला नावं ठेवतो, पैसे काढायचे धंदे म्हणतो, आणि नवीन आलं की पहिल्यांदा आपणच घेतो. पण खरं बघायला गेलं तर आपण जो गेम खेळतो त्यातला बराचसा सप्लिमेंटमधूनच आलाय. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तीन छोट्या पुस्तिका काढल्या तेव्हा त्यात चोर हा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, नव्हता. चोरच नाही! चोर आणि पॅलाडिन आले १९७५ च्या 'ग्रेहॉक'मध्ये, त्याच वर्षी 'ब्लॅकमूर'मध्ये मंक आणि असॅसिन, पुढच्या वर्षी 'एल्ड्रिच विझर्ड्री'त ड्रुइड. म्हणजे ज्याला आज कोणी सप्लिमेंट म्हणणारसुद्धा नाही ते सगळं तेव्हा सप्लिमेंट होतं.

भानगड अशी की त्या पहिल्या दोन वर्षांत जी सवय लागली ती आजपर्यंत सुटली नाही. नवीन पुस्तक म्हणजे नवीन क्लास, नवीन स्पेल म्हणजे मंत्र, नवीन राक्षस. कायम बेरीज. प्रत्येक पुस्तकानं प्लेअर थोडा जास्त ताकदवान होतो, आणि डीएम बिचारा घरी बसून राक्षसांचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसतील तो आकडा, वाढवतो. आमच्या टेबलावर एक भाऊ आहे, नाव नाही घेत, तो इथंच बसलाय, (हशा) त्याचं कॅरेक्टर बनवायला इतकी पुस्तकं लागतात की त्याची बॅग हाच त्याचा सगळ्यात मोठा एन्कम्ब्रन्स, म्हणजे वाहायचं ओझं, आहे.

आणि आपल्याकडे कोणी होमब्रू, म्हणजे घरचे नियम, लिहायला बसलं की काय लिहितं? वेताळ. हडळ. मुंजा. फारच उत्साह असेल तर ब्रह्मराक्षस. प्रत्येकाला लढाईचे आकडे, म्हणजे आर्मर क्लास, प्रत्येकाला एक लेजंडरी अॅक्शन. अहो पण ते झालंय की! १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये राक्षस आहे, वाघाचं डोकं, अंगात झगा, तोंडात पाइप, एकदम निवृत्त कर्नल, आणि तो मरतो कशानं तर मंत्रवलेल्या क्रॉसबोच्या बाणानं. आमच्या आजीनं सांगितलेल्या एकाही गोष्टीत राक्षस क्रॉसबोनं मेलेला मला आठवत नाही. १९८० च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स'मध्ये तर इंद्र आणि अग्नीलाही हिट पॉइंट दिलेत. हिट पॉइंट दिले म्हणजे काय, पुण्यातला कुठलाही बारा वर्षांचा मुलगा विचारणार, मग मारता येईल का? मला याचा राग वगैरे येत नाही, मजाच वाटते. पण 'आपल्या मातीतलं सप्लिमेंट' म्हणून आपणही तेच करायचं, फक्त वाघाऐवजी हडळ? नुसता राक्षस बदलला म्हणून खेळ बदलत नाही हो.

आता आमच्या वेढ्याची गोष्ट सांगते, काहींनी ऐकलीय, त्यांनी मोबाइल बघा.

आमच्या पार्टीनं, म्हणजे आमच्या पात्रांच्या टोळीनं, एक डोंगरी किल्ला जिंकला. पाचवी लेव्हल, पाचव्या एडिशनचे २०१४ चे नियम. मी लढाईची जय्यत तयारी करून आले होते, खाली शत्रूची छावणी, शिड्या, ऑगर म्हणजे धिप्पाड राक्षस, रंगवलेला नकाशा, सगळं. पहिलंच वाक्य बोलले, 'सकाळी तुम्हाला खाली शत्रूचे तंबू दिसतात', आणि आमच्यात एक सीए आहे, तो म्हणाला, ताई, गडावर माणसं किती? मी म्हटलं तीनशे. महिना कुठला? मी म्हटलं चैत्र, उगाच, तोंडाला आला तो. तो म्हणाला, मग टाक्यात पाणी किती आहे?

झालं. पुस्तक उघडलं. नियम असा आहे की माणसाला दिवसाला एक गॅलन पाणी, उन्हाळा असेल तर दोन. तीनशे माणसं म्हणजे सहाशे गॅलन रोज, आपल्या हिशोबानं सव्वादोन हजार लिटरच्या वर, म्हणजे सोसायटीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर चार दिवसांत खलास. मग कोणीतरी म्हणालं, अरे आपल्याकडे क्लेरिक आहे ना, स्पेल मार. क्लेरिक म्हणजे मंत्र टाकणारा पुजारी. इथंच नेहमी विषय संपतो, बरोबर? चार जणांची पार्टी असेल तर भूक-तहान हा प्रश्नच नाही, एक 'क्रिएट फूड अँड वॉटर' टाकलं की पंधरा माणसांचं भागतं. पण इथं तीनशे होती. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिकला तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट, म्हणजे दिवसाला मंत्र टाकायच्या संधी, दोन. म्हणजे तीस माणसं जेवली. दोनशे सत्तर राहिली. बरं, नुसतं पाणी काढायचं तर 'क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर'नं पहिल्या लेव्हलच्या चार स्लॉटचे चाळीस गॅलन, दुसऱ्याच्या तिनाचे साठ, तिसऱ्याच्या दोनाचे साठ. सगळे स्लॉट जाळून एकशे साठ गॅलन. लागतात सहाशे. आणि स्लॉट संपले म्हणजे जखमींना हीलिंग नाही.

हां, मागून 'गुडबेरी', म्हणजे पोट भरणाऱ्या बेऱ्यांचा ड्रुइडचा स्पेल, ऐकू आलं, वाटच बघत होते. आमच्यात ड्रुइड नव्हता. असता तर नऊ स्लॉट, प्रत्येकी दहा बेऱ्या, नव्वद माणसांचं पोट भरलं असतं, तहान तशीच.

आता खरी मजा. कोणाला जेवायला घालायचं? क्लेरिक म्हणाली लहान मुलं आणि जखमी. फायटर म्हणाला तटावरचे पहारेकरी, ते पडले तर मुलंही मेली. आणि आमचा रोग, म्हणजे चोराचं पात्र, जो एरवी फक्त खिसे कापतो, तो शांतपणे म्हणाला, जे लढत नाहीत त्यांना खाली सोडून देऊ. टेबलावर असं भांडण झालं की चहा गार झाला, क्लेरिक खेळणारी उठून गॅलरीत गेली, आणि अख्ख्या संध्याकाळीत फासा पडला एकदाच, तोही कोणाच्या तरी हाताचा धक्का लागून. माझे ऑगर खाली बसून राहिले. आजही आमच्याकडे कुठल्या सेशनची आठवण निघते? ड्रॅगन मारला त्याची नाही.

म्हणजे बघा, नवीन काहीही न घालता, तोच स्पेल, तोच स्लॉट, फक्त माणसं वाढवली आणि पाणी मोजलं, तर रोजच्या स्पेलमधून राजकारण तयार झालं. माझं म्हणणं एवढंच आहे की पुढची सप्लिमेंट ही अशी पाहिजेत, प्लेअरच्या हातात आणखी काही देणारी नकोत, डीएमच्या हातात अडचण देणारी पाहिजेत. आता कोणी म्हणेल 'डार्क सन', १९९१, पाणी नाही, धातू नाही. मान्य, जबरदस्त सेटिंग, पण ते वाळवंट आहे, तिथं टंचाई बारमाही. सह्याद्रीची तऱ्हा वेगळी, चार महिने नुसतं पाणीच पाणी आणि वैशाखात त्याच गावात हंडा घेऊन रांग.

किती वेळ राहिला? दहा? पाच? अहो काय हे. बरं, पळते.

कल्पना पहिली, गड. गडालाच कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राचे आकडे लिहायचा कागद, द्यायचं: पाणी, धान्य, दारूगोळा, निष्ठा. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र वाचा, निम्मे नियम तयार आहेत. आधी पाणी बघा मग किल्ला बांधा, नसेल तर खडक फोडून टाकी करा, आणि एका झऱ्यावर भरवसा ठेवू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झरे कमी होतात आणि पाणी लागतंही जास्त. हे वाचल्यावर मी उडालेच, ही तर सरळ रोल करायची गोष्ट आहे: शत्रूनं तोफ डागली की झऱ्याचा फासा टाक. आणि अधिकारी तीन. हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी आणि हिशोब, कारखानिसाकडे कोठार, मुद्दाम वेगवेगळ्या जातींचे, म्हणजे गड विकायचा तर तिघांना फोडावं लागेल. ही तीन पदं तीन प्लेअरना द्या आणि तुम्ही गप्प बसा. एकालाही एकट्यानं काही ठरवता येणार नाही, पुढचं भांडण ते स्वतः करतील.

दुसरी, पावसाळा. नुसतं वातावरण म्हणून नको, नियम म्हणून पाहिजे. आगोटीच्या आधी बेगमी केली नाही तर आषाढात काय होतं, नदी किती दिवस बंद, दारू सादळली तर तोफ उडते का, याची कोष्टकं. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणीत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन, म्हणजे कॅम्पेनचं कॅलेंडर आयतं मिळालं, चार महिने डाउनटाइम, म्हणजे मोहिमांमधली उसंत. आणि जो डाव या कॅलेंडरवर अवलंबून असतो तोच उलटला की गोष्ट घडते. पन्हाळ्याला पाऊस लागला तरी सिद्दी जौहर हलला नाही, आणि मग जुलै १६६० मध्ये त्याच पावसातून महाराज विशाळगडाकडे निसटले. पुढचं तुम्हाला शाळेपासून पाठ आहे.

तिसरी, खजिना, दोन वाक्यांत. पन्नास नाणी म्हणजे एक पौंड आणि खेचर चारशे वीस पौंड वाहतं, म्हणजे एका खेचरावर एकवीस हजार नाणी, आणि ड्रॅगनचा ढीग त्याच्या कितीतरी पट असेल तर तो घाटातून न्यायचा कसा? म्हणून हुंडी, सावकार, हुंडणावळ, आणि दुसऱ्या गावचा सावकार म्हणतो हुंडी ओळखत नाही, तिथून पुढचं अॅडव्हेंचर.

लिहायला कोणाची परवानगी लागत नाही हेही सांगते. जानेवारी २०२३ मध्ये, इतरांनी या नियमांवर पुस्तकं काढायच्या लायसन्सवरून एवढा गदारोळ झाला, त्याच्या शेवटी गेम काढणाऱ्या कंपनीनं पाचव्या एडिशनचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले. श्रेय द्या आणि लिहा, विकासुद्धा. बीहोल्डर आणि माइंड फ्लेयर या गाजलेल्या राक्षसांची आकडेवारी त्यात नाही, पण आपल्याला ते कुठं हवेत? मला पावसाच्या कोष्टकांसाठी माणसं पाहिजेत, कोकणातलं कोणी असेल तर आधी या, घाटावरच्यांनी पावसावर लिहू नये असं माझं मत आहे. (हशा)

काय? मोठ्यानं बोला. क्लेरिक सहाव्या लेव्हलला गेली तर? तिसऱ्याचे स्लॉट तीन होतात, पंचेचाळीस माणसं. दोनशे पंचावन्न राहतात. आणि लेव्हल वाढेपर्यंत वेढा थांबतो का ते तुमच्या डीएमला विचारा. चला, बाकीचं बाहेर बोलू, काका दारात कुलूप घेऊन उभे आहेत.