दोन जनुकांच्या मधली जागा

[दृश्य : वडगावातली गल्ली. दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट.]

वडगाव, खासबाग, शहापूर. बेळगावच्या या भागात दिवस मागाच्या आवाजानं उजाडतो. घरातली बाई कांड्या भरते, स्वयंपाक उरकते, परत कांड्या भरायला बसते. छातीला गाठ लागते हाताला, पण दुखत नाही, म्हणून अंगावर काढते. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. घात होतो तो इथंच.

मग कधीतरी दवाखाना. कुणी शहरातच दाखवतं, निपाणी-चिकोडीकडची माणसं कोल्हापूर नाहीतर मिरज गाठतात. गाठीचा तुकडा तपासायला जातो आणि हातात रिपोर्ट येतो. घरात मराठी, बसच्या पाटीवर कन्नड आणि रिपोर्ट इंग्रजीत. त्यातली एक ओळ आज नीट समजून घेऊया : 'ई.आर. पॉझिटिव्ह'.

[दृश्य : प्रयोगशाळा. मेणाच्या ठोकळ्यातून निघणारा पातळ काप.]

तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि त्याचे साधारण ४ मायक्रॉन जाडीचे काप काढतात. केसाच्या जाडीत असे दहा-पंधरा काप सहज मावतील. कापावर एक प्रतिपिंड सोडतात. ते फक्त ईस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजेच ई.आर., या प्रथिनाला चिकटतं. मग रंग देतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रकं तपकिरी दिसली तर ते प्रथिन तिथं आहे, निळी राहिली तर नाही. शंभरात एका केंद्रकानं तपकिरी रंग धरला, तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह धरतात.

हा रंग केंद्रकातच का दिसतो? कारण या प्रथिनाचं काम थेट डीएनएवर चालतं. ईस्ट्रोजेन हे संप्रेरक पेशीत शिरतं, ई.आर.ला चिकटतं आणि मग ई.आर. डीएनएवर जाऊन बसतं. कुठं बसतं, हे शोधायला गेल्यावर संशोधक चक्रावले. जनुकाच्या तोंडाशी बसत असेल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात त्याच्या बहुतेक जागा जनुकांपासून दूर, दोन जनुकांच्या मधे किंवा जनुकाच्याच, पण प्रथिन बनवायला न वापरल्या जाणाऱ्या भागात निघाल्या.

माणसाच्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत. प्रथिनं बनवणारी जनुकं जेमतेम २०,००० आणि प्रथिनाची कृती ज्यात लिहिलेली आहे तो भाग दोन टक्क्यांहूनही कमी. बाकीच्याला बराच काळ अडगळ समजलं गेलं. त्यातला पुष्कळ भाग खरंच काही करत नसेलही. पण जनुक कधी, कुठं, किती चालायचं याचे हुकूम त्याच अडगळीतून सुटतात.

[दृश्य : मागाच्या वर फिरणारी जकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ. जवळून.]

मागाच्या वर बघा. भोकं पाडलेले हे पुठ्ठे एकामागून एक पुढं सरकताहेत. जिथं भोक, तिथला उभा धागा उचलला जातो. जिथं नाही, तिथला खालीच राहतो. पुठ्ठ्यातलं काहीही साडीत येत नाही. पण काठावर मोर उठणार की कोयरी, हे तेच ठरवतात. जनुकांपासून दूर असलेले डीएनएचे हे तुकडे पेशीत तसंच काम करतात. त्यांना एन्हान्सर म्हणतात.

दूर असूनही हुकूम पोचतो कसा? एका पेशीतला डीएनए सरळ केला तर जवळपास २ मीटर भरेल. तो केंद्रकात घड्या पडून, गुंडाळून बसलेला असतो. फॉक्सए१ नावाचं प्रथिन आधी ही घट्ट गुंडाळी एका जागी सैल करतं, मागोमाग ई.आर. तिथं बसतं. मग डीएनएला वळसा पडतो आणि लांबचा एन्हान्सर जनुकाच्या तोंडाशी येऊन टेकतो. जनुक सुरू होतं. त्यात सायक्लिन डी१, मिक अशी पेशीला विभागायला लावणारी जनुकं असतात. निरोगी स्तनातही ही यंत्रणा असते, पण धाकात असते. गाठीत तो धाक सुटतो.

ई.आर. पॉझिटिव्ह गाठीसाठी दिली जाणारी टॅमॉक्सिफेनची गोळी काम करते ती नेमकी इथं. ती ईस्ट्रोजेनची जागा बळकावते. ई.आर. तेव्हाही डीएनएवर जाऊन बसतं, पण आता जनुक चालू करणाऱ्यांऐवजी बंद करणारी प्रथिनं त्याच्याभोवती गोळा होतात. रोज एक गोळी, निदान ५ वर्षं. मधेच बरं वाटलं म्हणून ही गोळी सोडू नये, हे कळकळीनं सांगावंसं वाटतं. कारण गोळी थांबली की जनुकांवरचा तो दाबही हळूहळू जातो.

[दृश्य : बाह्यरुग्ण विभागातला बाक.]

"सिस्टर, आमच्या माहेरात कुणालाच नव्हतं की हो हे. मला कुठनं आलं?" या बाकावर हा प्रश्न नेहमी ऐकू येतो.

बिघडलं तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढवणारं बीआरसीए१ हे जनुक १९९४ मध्ये सापडलं. त्यातला ठळक दोष घराण्यातून येतो, पण अशा वारशानं होणारे स्तनाचे कर्करोग शंभरात पाच-दहाच. आणि कधी कधी बीआरसीए१ची अक्षरं शाबूत असतात, पण त्याच्या आरंभाच्या भागावर मिथाइल या छोट्या रासायनिक तुकड्याची मोहर बसते आणि जनुक मुकं होतं.

२००७ मध्ये हजारो स्त्रियांचे डीएनए ताडून पाहिले, तेव्हा एफजीएफआर२ या जनुकाच्या प्रथिन न बनवणाऱ्या भागात धोका वाढवणारे फरक सापडले. पुढं अशा दीडशेहून जास्त जागा मिळाल्या, बहुतेक जनुकांच्या लिखाणाबाहेरच्या. टॉक्स३ या जनुकाजवळची जागा घ्या. तिथं एका ठिकाणी 'सी'ऐवजी 'टी' हे अक्षर आलं की फॉक्सए१ तिथं अधिक घट्ट बसतं आणि टॉक्स३चं काम मंदावतं. २०१२ मध्ये हे दाखवलं गेलं. एका अक्षराचा असा फरक एकट्यानं आजार आणत नाही. प्रत्येकाचा भार थोडासाच, आई आणि वडील दोघांकडून थोडा थोडा आलेला. म्हणून घराण्यात कुणालाही नसताना एखादीच्या वाट्याला तो पुरेसा साठू शकतो. तिचं खाणंपिणं चुकलं, देवाधर्माला ती चुकली, असं कुणी म्हणत असेल तर ते ऐकून घेऊ नये.

या अभ्यासातल्या बहुसंख्य स्त्रिया युरोपीय वंशाच्या होत्या. म्हणून त्यावरून काढलेले धोक्याचे आकडे खानापूरच्या किंवा बैलहोंगलच्या मुलीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. जीनोम इंडिया प्रकल्पात सुमारे १०,००० भारतीयांचे संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. हा पाया आहे. आजारी आणि निरोगी अशा आपल्याकडच्या हजारो बायकांचे जीनोम शेजारी ठेवून बघायचं काम त्यावर उभं राहायचं आहे.

[दृश्य : गावातलं आरोग्य केंद्र. आशाताई दारात.]

"मग माझ्या मुलीचं काय?" हा दुसरा प्रश्न. आईला चाळिशीच्या आत झाला असेल, किंवा तिची गाठ ई.आर., पी.आर. (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) आणि हर-२ (पेशीच्या वाढीशी जोडलेलं आणखी एक प्रथिन) या तिन्हीला निगेटिव्ह असेल, तर बीआरसीएच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांसाठी सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर दर पाच वर्षांनी हातानं स्तनतपासणी आहे, पैसे पडत नाहीत. आणि गाठ हाताला लागली, तर दुखायची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवायची.