सराईतल्या टेबलावर एकटी

(पडद्यावर: जुनी चिनी सराई. लाकडी जिना, दारातून येणारं ऊन. आवाज फक्त पावलांचा.)

सराईत कुणीतरी शिरतं. अंगात पुरुषी वेष, डोक्यावर टोपी, चालण्यात कसलीच घाई नाही. एक टेबल निवडून बसतं. आजूबाजूच्या टेबलांवरचे पुरुष एकेक करून माना वळवतात. ते एकाच टोळीचे दरोडेखोर आहेत. आधी गोड बोलून बघतात, मग खोचक बोलतात, मग अंगावर वस्तू भिरकावू लागतात. आलेली व्यक्ती जागची हलत नाही. जे येईल ते बसल्या बसल्या, मनगटाच्या एका हिसक्यात परतवते. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही.

ही सोनेरी पाकोळी. चिनी भाषेत जिन यान्झी. प्रांताच्या सुभेदाराची मुलगी. दरोडेखोरांनी पळवलेल्या भावाला सोडवायला ती एकटी आली आहे.

साल १९६६. चित्रपट 'कम ड्रिंक विथ मी', हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सचा. दिग्दर्शक किंग हू. आणि टेबलाशी बसलेली अभिनेत्री चेंग पेई-पेई, विशीच्या उंबरठ्यावरची. तिने कुंगफूच्या आखाड्यात कधी घाम गाळला नव्हता. ती शांघायमध्ये बॅले शिकली होती. किंग हूला नेमकं तेच हवं होतं. बीजिंग ऑपेरा त्याच्या रक्तात भिनलेला. मारामारी त्याने नाचासारखी बसवली: आधी लांबलचक थांबणं, लाकडी टिपऱ्यांचा टकटकाट, मग एकदम चक्री, आणि पुन्हा स्तब्धता. हा प्रसंग बघताना माझं लक्ष तिच्या तलवारींपेक्षा त्या थांबण्यावर खिळतं. खोलीभर पुरुष तिची वाट बघत ताटकळले आहेत आणि ती त्यांना ताटकळू देते.

चिनी शौर्यकथांमधल्या नायिकांचा माग काढायचा तर या सराईपासून निघावं लागतं. कारण त्या पुन्हा पुन्हा इथेच भेटतात. कधी मुलाच्या वेषात, कधी भिकाऱ्याच्या, कधी गल्ल्यावर मालकीण म्हणून.

(पडद्यावर: धुक्यातली नदी, नावाडी, दूर डोंगर.)

या कथांना चिनी भाषेत 'वूश्या' म्हणतात. 'वू' म्हणजे युद्धकला. 'श्या' म्हणजे अडल्यानडल्यासाठी, दिलेल्या शब्दासाठी जिवावर उदार होणारा माणूस. आणि हे सगळं जिथे घडतं त्या जगाला नाव आहे 'च्यांगहू'. शब्दशः अर्थ नद्या आणि सरोवरं. नकाशावर हे ठिकाण सापडत नाही. राजदरबार, कचेरी आणि घराचा उंबरठा यांच्या बाहेर जे काही उरतं ते च्यांगहू: घाट, वाटा, मठ, जंगलं आणि सराया. तिथे सरकारी कायदा पोचत नाही. गुरू, गुरुबंधू, टोळी, सूड आणि उपकार यांचेच कायदे चालतात. ज्या समाजात चांगल्या घरच्या मुलीने अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं, त्या समाजाने कथेत असा एक मुलूख उभा केला जिथे ती एकटी टेबलाशी बसू शकते. मला हे फार मोठं वाटतं.

आणि ही कल्पना आजकालची नाही. यूए राज्यातल्या तरुणीची गोष्ट जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात आहे. रानात वाढलेली मुलगी. राजा गोजियान तिला बोलावतो. वाटेत एक म्हातारा तिची परीक्षा घेतो, बांबूच्या काठीने तिच्याशी लढतो, मग उडी मारून झाडावर चढतो आणि पांढरं वानर होऊन निघून जातो. ती पुढे राजाच्या सैन्याला तलवार शिकवते.

तांग काळातली न्ये यिनन्यांगची कथा मात्र जास्त काळोखी आहे. दहा वर्षांच्या मुलीला एक भिक्षुणी उचलून नेते आणि पाच वर्षांनी मारेकरी बनवून आईबापांकडे परत पाठवते. शिकवणीच्या काळातला एक प्रसंग मन चिरून जातो. यिनन्यांगला एका अधिकाऱ्याला मारायला धाडलेलं असतं. ती उशिरा परतते. उशीर का, तर तो माणूस लेकराशी खेळत होता, तिला बघवेना. भिक्षुणी तिला झापते: पुढच्या वेळी आधी त्याचं जे लाडकं असेल ते संपव, मग त्याला.

या कथेवर होउ श्याओ-श्येन या तैवानच्या दिग्दर्शकाने २०१५ साली 'द असॅसिन' केला. यिनन्यांग झाली शू ची. कान महोत्सवात होउ यांना दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. तांग काळच्या कथेत ती उशिरा का होईना, डोकं घेऊनच परतते. चित्रपटात सुरुवातीलाच ती बापाच्या मांडीवरचं मूल बघते आणि खंजीर फिरवत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या लेखकाने जी कुचंबणा दोन ओळींत उरकली, तिच्यावर या दिग्दर्शकाने अख्खा चित्रपट उभा केला. शू चीला संवाद अगदी थोडे. ती पडद्याआड, खांबाआड, झाडाआड उभी राहून ऐकत असते. ज्याला मारायचं त्याचं घर, त्याची बायको, त्याची मुलं ती बघत राहते.

(पडद्यावर: मूकपट. ओरखडे पडलेली कृष्णधवल फिल्म.)

सिनेमा चीनमध्ये रुजला तो शांघायमध्ये. १९२८ साली 'लाल कमळ मंदिराचं दहन' आला आणि तलवारपटांचं पेवच फुटलं. पुढच्याच वर्षीचा 'लाल वीरांगना' टिकून राहिलेल्या मोजक्या मूकपटांपैकी एक. फान श्वेपेंग खेडवळ मुलगी झाली आहे. लुटारूंचं सैन्य तिला पळवतं, तिची आजी मरते, एक साधुपुरुष तिला सोडवून विद्या शिकवतो. त्याचं नाव श्वेतवानर. यूए तरुणीचं वानर असं दोन हजार वर्षं चालत स्टुडिओत पोचलं. काही वर्षांतच सरकारने अंधश्रद्धेच्या नावाखाली या चित्रपटांवर बंदी घातली आणि पुढे हा धंदा हाँगकाँगला जाऊन बसला.

हाँगकाँगलाच आपली सोनेरी पाकोळी भेटते. पण तिच्या वाट्याला काय आलं तेही सांगायला हवं. 'कम ड्रिंक विथ मी'च्या मध्यावर तिला विषारी बाण लागतो आणि एक दारुडा भिकारी तिला वाचवतो. भिकारी अर्थातच गुप्त महागुरू असतो. तिथून कथा हळूहळू त्याची होत जाते. दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, दुसऱ्या दिग्दर्शकाने 'गोल्डन स्वॉलो' काढला. नाव तिचं, चित्रपट जिमी वांग यूच्या पांढऱ्या कपड्यांतल्या नायकाचा. ती बाजूला उभी राहून त्याचं मरण बघते. जिने सराईभर पुरुषांना ताटकळत ठेवलं, तिला दोन वर्षांत प्रेक्षक करून टाकलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

(पडद्यावर: वर्तमानपत्राचा छापखाना. मग वाफाळती खानावळ.)

आता पुस्तकांकडे. जिन योंग. जन्म १९२४, च्यच्यांग प्रांतातला; हयात गेली हाँगकाँगमध्ये. १९५५ ते १९७२ या काळात वर्तमानपत्रांतून रोज थोडी थोडी अशा त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. १९५७ साली सुरू झालेल्या एका कादंबरीत नायिका ह्वांग रोंग पहिल्यांदा येते, आणि कुठे? च्यांगच्याकौ गावातल्या खानावळीत. काळंकुट्ट तोंड, फाटके कपडे, भिकारी पोरगा. नोकर तिला हाकलतो आहे. नायक ग्वो जिंग, मंगोलियाच्या गवताळ रानात वाढलेला साधाभोळा तरुण, तिला जेवायला बोलावतो.

आणि हा भिकारी पोरगा काय मागवतो? आधी चार प्रकारचा सुका मेवा. चार प्रकारची ताजी फळं. दोन खारट-आंबट. चार मधात मुरवलेले पदार्थ. मग कुठे मुख्य जेवण. नोकराचा जबडा खाली. ग्वो जिंगला फक्त गोमांस आणि मटण ठाऊक. गप्पांत ताटं निवतात, ती म्हणते, पुन्हा करून आणा. तो हूं की चूं करत नाही. निघताना तिला थंडी वाजेल म्हणून अंगावरचा फरचा कोट देतो, सोनं देतो, लाडका घोडाही देतो. ती टेबलावर डोकं टेकून रडते. तिला बघायचं होतं की हा माणूस मळक्या तोंडाच्या पोराला किती देतो. तिचा खरा चेहरा त्याला पुढे दिसतो, पाण्यावर, होडीत, पांढऱ्या कपड्यांत.

ह्वांग रोंग तलवारबाजीत सर्वश्रेष्ठ कधीच नव्हती. तिचं शस्त्र बुद्धी आणि हातखंडा स्वयंपाक. भिकाऱ्यांच्या पंथाचा म्होरक्या खवय्या आहे, हे हेरून ती त्याला रांधून घालते आणि त्याच्याकडून ग्वो जिंगला महाविद्या मिळवून देते. त्यातला एक पदार्थ ऐका. अख्ख्या हॅमला चोवीस गोल भोकं पाडायची. टोफूचे चोवीस गोळे कापून त्यात बसवायचे. बांधून वाफवायचं. हॅमचा सगळा रस टोफूत उतरला की हॅम टाकून द्यायचं, खायचा तो फक्त टोफू. नाव एका तांग कवितेतल्या चोवीस पुलांवरच्या चांदण्यावरून. टोफू इतका लिबलिबीत की त्याचे गोळे करायला बोटांत युद्धकलेचीच तालीम हवी, आणि ती तिच्या बापाने शिकवलेली. चुलीपाशी आणि रणांगणात तीच बोटं.

पडद्यावर ही भूमिका कितीजणींनी केली. झोऊ शून, ली यीतोंग, आणखीही. पण हाँगकाँगच्या एका पिढीला ह्वांग रोंग म्हटलं की १९८३ च्या टीव्हीबी मालिकेतली बार्बरा युंग आठवते. चेहऱ्यावर खट्याळपणा, बोलण्यात झपाटा, आणि डोळ्यांत कायम पुढची युक्ती. १४ मे १९८५ ला ती गेली, अवघ्या २६ व्या वर्षी. त्या मालिकेतली तिची ह्वांग रोंग कधी थोराड होत नाही.

पुस्तकातली होते. पुढच्या कादंबरीत ती आई आहे, पंथाची प्रमुख आहे, वेढा पडलेल्या श्यांगयांगमध्ये मंगोल सैन्याला तोंड देते आहे. संशयी झाली आहे, अनाथ यांग ग्वोशी कठोरपणे वागते. बरेच वाचक तिच्यावर रुसले. मला मात्र ही पोक्त, दमलेली, चुका करणारी बाई जास्त खरी वाटते. त्याच कादंबरीतली श्याओलुंगन्यू, थडग्यात राहणारी, दोरीवर झोपणारी, पडद्यावर नेहमी पांढरी आणि तरंगती दिसते. अंगातली हालचाल थांबवून, डोळे बांधून तिच्यावर अत्याचार होतो. करणारा कोण हे तेव्हा तिला कळतसुद्धा नाही, आणि त्याची किंमत ती एकटी भरत राहते. तो भाग आज वाचताना घशाखाली उतरत नाही.

(पडद्यावर: वाळवंट. एकाकी दुमजली सराई.)

१९९२. 'न्यू ड्रॅगन गेट इन'. पुरुषी वेषात तलवार घेऊन सराईत येते ब्रिजिट लिन. गल्ल्यावर बसली आहे मॅगी चेउंग. यावेळी सराईच बाईची. मालकीण जिन श्यांगयू पैशाला हपापलेली, पुरुषांना खेळवणारी, तिच्या सराईतल्या पावांत माणसाचं मांस भरलेलं. दोघी एकमेकींना जोखतात, भांडतात, अंगावरचे कपडे हिसकावत लढतात. शेवटी मालकीण स्वतःच्या हाताने सराई पेटवून देते आणि घोड्यावर बसून निघते.

आणि मग २०००. अँग ली यांचा 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन', वांग दूलू यांच्या कादंबरीवरून, चार ऑस्कर मिळवणारा. सुभेदाराची मुलगी यू च्याओलुंग, म्हणजे झांग झीयी, लग्नाच्या रात्री पळते आणि पुरुषी वेषात सराईत येऊन बसते. साध्या सराईत न मिळणारे पदार्थ मागवते. गावगुंड भल्यामोठ्या पदव्या सांगत पुढे येतात. ती सगळी सराई फोडून काढते, तोंडाने स्वतःचीच आरती गात. १९६६ च्या टेबलाला केलेला हा सरळ सरळ मुजरा आहे.

मिशेल योहची यू श्यूल्येन याच मुलीच्या समोर उभी राहते. वडिलांची माल-राखणीची पेढी सांभाळणारी, शब्दाला जागणारी, मनातलं प्रेम वर्षानुवर्षं मनातच ठेवणारी. दोघींची लढत तालीमखान्यात होते. च्याओलुंगच्या हातात कशालाही कापणारी तलवार. श्यूल्येन एकामागून एक शस्त्र उचलते, प्रत्येक तुटतं. एक इतकं जड की पेलवत नाही, हातातून सुटून धाडकन पडतं. शेवटी तुटक्या तलवारीचं टोक ती मुलीच्या गळ्यापाशी आणून थांबवते. कौशल्य तिचं, हत्यार दुसरीचं. मँडरिन ही योहची भाषा नव्हती, संवाद तिने उच्चार घोकून पाठ केले. चित्रीकरणात गुडघा जायबंदी झाला. शेवटच्या प्रसंगांत तिचा चेहरा बघा, एकही वाक्य घोकलेलं वाटत नाही.

त्या चित्रपटात आणखी एक बाई आहे. खलनायिका, जेड फॉक्स. ती झाली आहे चेंग पेई-पेई. ३४ वर्षांनी. २०२४ च्या जुलैमध्ये ती गेली, तेव्हा अनेकांनी सोनेरी पाकोळीचा फोटो लावला. मला ही म्हातारी आठवली.

जेड फॉक्सने वूदांग पंथाच्या गुरूचा खून केला आहे. का, तर गुरूने तिला बिछान्यात घेतलं, पण विद्या द्यायची नाही म्हणाला. बाईला नाही. तिने विष घातलं आणि गुप्त पोथी चोरली. मग सुभेदाराच्या घरी नोकरीला राहून मालकाच्या मुलीला, च्याओलुंगला, चोरून शिकवत राहिली. शिष्या पुढे निघून गेली, आणि गुरूला ते फार उशिरा कळलं. कारण मुलगी खानदानी घरची, तिला अक्षरं येत होती. तिने पोथीतला मजकूर वाचला आणि वाचल्याचं लपवून ठेवलं.

जेड फॉक्सकडे पोथी वर्षानुवर्षं होती. ती फक्त चित्रं बघत होती.